ताईचीचे फॉर्म वेगळे का असतात, आणि कुठला वेगळेपणा चालवून घेऊ नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या, ताईची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेवरच्या चित्रमालिकेनंतर जी वाचकपत्रे छापून आली, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. शिवाजी पार्कात एक शिक्षक 'सिंगल व्हिप' ही हालचाल एका पद्धतीने शिकवतात, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये दुसरे वेगळ्याच पद्धतीने, आणि यूट्यूबवर तिसरेच काही दिसते. तेव्हा एक प्रमाण फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरावीक क्रम, ठरवावा आणि मुंबईतल्या सगळ्या बागांत तोच शिकवला जावा, अशी मागणी आहे. गोंधळलेल्या माणसाने अशी मागणी करणे स्वाभाविक आहे, पण ती मान्य झाली तर शिकणाऱ्याचेच नुकसान होईल, असे आमचे ठाम मत आहे. शिक्षकागणिक दिसणारे बहुतेक फरक चुका नाहीत. उलट ज्या चुकांनी गुडघे कायमचे दुखावतात, त्या प्रमाण फॉर्म करतानाही तितक्याच सहज होतात. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

प्रमाण फॉर्म ठरवून पाहिलेला नाही असे नाही. 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग घराण्याच्या शैलीतल्या हालचाली निवडून 24 हालचालींचा संक्षिप्त फॉर्म बसवून घेतला. जुन्या लांब फॉर्मला वीस मिनिटे सहज लागतात. हा 4 ते 6 मिनिटांत होतो. पुनरावृत्ती बरीच गाळलेली आणि 'चिमणीची शेपटी पकडणे' ही हालचाल डावीकडून व उजवीकडून, दोन्ही बाजूंनी घातलेली. शिकवायला सोपा म्हणून तो जगभर गेला, आणि मुंबईतही 'ताईची' म्हणून बहुतेकांची पहिली ओळख होते ती याच्याशी. पण पुढे 1957 मध्ये 88 हालचालींचा फॉर्म आला, सत्तरच्या दशकात 48 चा आला, मग स्पर्धांसाठी निरनिराळ्या शैलींतून निवडलेला 42 चा आला. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत वुशूचा (चिनी युद्धकलांचा) समावेश झाला तेव्हा ताईचीसाठी हा 42 चाच फॉर्म होता. जुने घरंदाज फॉर्म यामुळे बंद पडले नाहीत. म्हणजे प्रमाण ठरवत गेल्याने फॉर्मची संख्या वाढतच गेली. मुंबईपुरता आणखी एक ठरवला तर त्यात एकाची भर पडेल, इतकेच.

आता त्या सिंगल व्हिपकडे वळू, कारण सगळ्यात जास्त वाद तिथे आहे. यांग, चेन, वू आणि सुन या घराण्यांच्या चार शैलींत ती कशी होते ते पाहू. यांग शैलीत उजव्या हाताची पाचही बोटे एकत्र मिटून मनगट खाली वाकवलेला आकडा होतो, डावा तळहात समोर जातो, पाय धनुष्य-पवित्र्यात (पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला) येतात आणि छाती बरीचशी डाव्या हाताच्या दिशेला वळलेली असते. चेन शैलीत आकडा आहेच, पण डावा हात छातीसमोरून मोठी कमान घेत बाजूला उघडतो, धड मूळ समोरच्या दिशेलाच राहते आणि दोन्ही हात दोन बाजूंना पसरतात. वू च्येनछ्वान यांच्या वू शैलीत शेवटचा पवित्रा घोडेस्वारासारखा, दोन्ही पायांवर जवळजवळ सारखे वजन असलेला. सुन शैलीत तर आकडाच नाही. दोन्ही तळहात उघडे आणि बाहेर वळलेले. चार माणसे शेजारी उभी केली तर ही एकच हालचाल आहे यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही. पण चारही ठिकाणी काम तेच आहे: कंबर वळते, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन जाते, आणि दोन हात एकमेकांपासून दूर उघडताना पाठीतून जोडलेले राहतात. आकडा ठेवणारे घराणे त्या हातात प्रतिस्पर्ध्याचे मनगट अडकवणे किंवा वाकलेल्या मनगटाच्या पाठीने मारणे बघते. आकडा सोडणारे दोन्ही तळहातांनी फाकवणे बघते. अर्थ बदलला की हात बदलतो.

हे फरक आले कुठून, ते पाहिले तर तक्रारीचा सूर आपोआप बदलेल. ताईचीची सर्वांत जुनी खात्रीलायक वाट चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन्च्यागोउ या गावी जाते. (बोधिधर्माने ती भारतातून नेली, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, पण त्याला आधार नाही; बोधिधर्माच्या नावावर असलेला व्यायामग्रंथ त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी, 17 व्या शतकात लिहिलेला आहे.) त्या गावातल्या चेन चांगशिंग यांच्याकडे यांग लुचान शिकले, 1799 ते 1872 हा त्यांचा काळ, आणि बीजिंगला जाऊन शिकवू लागले. त्यांचे दोन नातू सख्खे भाऊ. थोरले यांग शाओहोऊ, जन्म 1862; धाकटे यांग चेंगफू, जन्म 1883. थोरल्यांचा फॉर्म लहान घेराचा, वेगवान, मध्येच झटक्याने जोर सोडणारा. धाकट्यांचा मोठ्या घेराचा, एकाच संथ लयीचा, उड्या आणि पाय आपटणे काढून टाकलेला. एकाच घरातले, एकाच वारशाचे हे दोन भाऊ. आज जगभर यांग शैली म्हणून जी शिकवली जाते ती बहुतांशी धाकट्यांची.

त्या धाकट्यांचे शिष्य तरी एकसारखे करतात का? यांग चेंगफूंची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत ते तरुणपणी सडसडीत आणि पुढे चांगलेच भारदस्त दिसतात, आणि पवित्र्यांची उंची व हातांचा घेर बदललेला दिसतो. जो शिष्य ज्या वर्षांत शिकला त्याने त्या वर्षांतला फॉर्म पुढे नेला. त्यांचे एक शिष्य चेंग मानचिंग यांनी पुनरावृत्ती गाळून 37 हालचालींचा फॉर्म केला आणि तैवान व न्यूयॉर्कमध्ये शिकवला. त्यांच्या परंपरेत मनगट सरळ, हात पूर्ण सैल. धनुष्य-पवित्र्यात पुढच्या पायावर 70 टक्के वजन आणि मागच्यावर 30. यांग घराण्याच्या थेट वंशजांकडे मनगट किंचित बसवलेले, बोटे थोडी वर, आणि वजनाची वाटणी 60-40 सांगितली जाते. दोघेही स्वतःला यांग शैलीचे म्हणवतात आणि दोघांचेही बरोबर आहे. चेंग मानचिंगांच्या परंपरेतल्या शिक्षकाकडे शिकलेला माणूस बाग बदलून दुसऱ्याकडे गेला आणि त्याचे मनगट पहिल्याच दिवशी 'चुकीचे' म्हणून वाकवले गेले, तर त्या नव्या शिक्षकाने विचारायला हवे होते की हे तुला कोणाकडून मिळाले.

चेन घराण्याच्या चेन्च्यागोउ गावात तर याहून स्पष्ट उदाहरण आहे. चेन फाके 1928 मध्ये गाव सोडून बीजिंगला गेले आणि त्यांच्या फॉर्ममध्ये मनगट-कोपरांचे पीळ आणि झटके अधिक ठळक होत गेले. इकडे गावात 1958 नंतर चेन चाओपी जुन्या वळणाचा फॉर्म शिकवत होते. 1972 मध्ये ते वारले, त्यानंतर फाके यांचे पुत्र चेन चाओखुई गावात येऊन वडिलांचे वळण शिकवू लागले. तेव्हापासून एकाच गावात 'जुनी चौकट' आणि 'नवी चौकट' (चौकट म्हणजे फॉर्मची ठेवण) अशी दोन रूपे नांदत आहेत. जुन्यातला पहिला फॉर्म 74 किंवा 75 हालचालींचा मोजतात, नव्यातला 83 चा. गावातले नामवंत शिक्षक दोन्ही शिकवतात, आणि एक खरा व दुसरा खोटा असे कोणी म्हणत नाही.

हालचालींच्या संख्येचा गोंधळही निवारता येण्यासारखा आहे. यांग लांब फॉर्म कोणी 85 म्हणते, कोणी 103, कोणी 108. बऱ्याचदा फॉर्म तोच असतो. 'ढगासारखे हात' तीन वेळा केले तर एक मोजायचे की तीन, आणि 'चिमणीची शेपटी' तिच्या चार भागांसह एक धरायची की चार, एवढाच प्रश्न असतो. औंधच्या पंतप्रतिनिधींचा सूर्यनमस्कार 10 अंकांचा आणि योगवर्गातला 12 चा, म्हणून आपण कोणाला खोटे ठरवत नाही. तीच समज इथे ठेवावी.

सुन शैलीबद्दल दोन ओळी, कारण ज्येष्ठ नागरिकांनी ती विचारात घ्यावी असे वाटते. सुन लुतांग ताईचीकडे आले तेव्हा शिंगयी आणि बाग्वा या दोन चिनी युद्धकलांत ते आधीच तयार होते. त्यांच्या फॉर्ममध्ये पवित्रे उंच, आणि एक पाय पुढे किंवा मागे गेला की दुसरा लगेच त्याच्याजवळ येतो. त्यामुळे लांब, खोल पवित्र्यात वाकलेल्या गुडघ्यावर फार वेळ भार राहत नाही. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात डॉ. पॉल लॅम यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी कार्यक्रम आखला तो याच शैलीवर. यांग शैलीच्या सवयीने सुन शैलीतले हे मागून येणारे पाऊल 'जास्तीचे' समजून काढून टाकणारे शिक्षक आहेत. ते काढले की त्या शैलीतले नेमके उपयोगाचे जे होते तेच जाते.

आता न चालणारे फरक. यातले काही थेट आपल्या मुंबईत तयार होतात.

पहिला जागेमुळे. 24 च्या फॉर्ममध्ये सुरुवातीला 'घोड्याची आयाळ' तीन आणि 'गुडघ्याजवळून हात' तीन अशी सहा मोठी पावले एकाच दिशेला पडतात. त्याला 12 ते 15 फूट लागतात. पावसाळ्यात वर्ग सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा छोट्या हॉलमध्ये गेला की खांब आडवा येतो, मग शिक्षक तिसऱ्या पावलानंतर सगळ्यांना उलटे वळवतात किंवा पावले आखूड करतात. चार महिने तसेच केल्यावर विद्यार्थ्याला तोच फॉर्म वाटू लागतो आणि पुढे तो तसाच शिकवतो. जागेसाठी तडजोड करावी, पण ती उघड करावी: हालचाल पूर्ण झाली की दोन्ही पाय मागे घेऊन जागा जुळवायची, हे पाऊल फॉर्मचे नाही असे स्पष्ट सांगायचे, आणि पुढची हालचाल पूर्ण लांबीची करायची. पाऊल आखूड केले तर धनुष्य-पवित्र्यात मागचा पाय ताणलाच जात नाही आणि सगळा भार पुढच्या मांडीवर येतो.

दुसरा मोबाइलमुळे. पुष्कळ व्हिडिओ आरशासारखे उलटे करून टाकलेले असतात, म्हणजे पाहणाऱ्याला बरोबर करता यावे. पाहणाऱ्याला ते माहीत नसते. ओळखायची खूण सोपी आहे: 24 च्या फॉर्ममध्ये पहिले पाऊल डाव्या पायाचे आणि सिंगल व्हिपचा आकडा दोन्ही वेळा उजव्या हाताचा. हे उलट दिसले तर व्हिडिओ उलटा आहे, किंवा शिक्षक मुद्दाम आरशासारखे करून दाखवत आहेत. समोरासमोर शिकवताना हा घोळ वर्गातही होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडे पाठ करून उभे राहून दाखवावे आणि दोन अनुभवी विद्यार्थी मागच्या बाजूला उभे करावेत, म्हणजे वळल्यावरही कोणीतरी समोर असते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, पाय वळवण्याचा. 'घोड्याची आयाळ' डावीकडून झाल्यावर उजवीकडे जाताना पुढचा डावा पाय बाहेर वळवावा लागतो. 24 च्या फॉर्ममध्ये आधी मागे बसायचे, डाव्या पायाचे टोक उचलायचे, टाचेवर ते सुमारे 45 अंश बाहेर वळवायचे आणि मग वजन पुढे आणायचे. काही जुन्या परंपरांत मागे न बसता, वजन त्याच पायावर ठेवून पाय वळवतात. हा खरा घराण्याचा फरक आहे. पण तो करताना वळण नितंबाच्या सांध्यातून यावे लागते, आणि पाय, गुडघा, मांडी एकाच वेळी वळावी लागते. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा. वाकलेल्या, भार घेतलेल्या अवस्थेत त्याला पीळ सोसत नाही. जाड रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून पेव्हर ब्लॉकवर असे वळले तर पाऊल अडकते, धड वळते आणि उरलेला सगळा पीळ गुडघ्यात जातो. शिवाजी पार्कच्या लाल मातीवर हेच सहज होते, कारण पाऊल सरकते. म्हणून पेव्हर ब्लॉकवर शिकवणाऱ्यांनी नवख्याला मागे बसूनच पाय वळवायला लावावे, त्यांचे मूळ घराणे काहीही म्हणो, आणि पातळ, सपाट तळाचे बूट घालायला सांगावे.

याच प्रकारच्या आणखी काही चुका शैलीच्या नावाखाली खपतात. धनुष्य-पवित्र्यात दोन्ही टाचा एकाच रेषेवर आल्या की तोल कमरेतून सावरावा लागतो आणि खांदे वर चढतात; दोन टाचांच्या रेषांमध्ये 10 ते 30 सेंटिमीटर अंतर हवे. पुढचा गुडघा पायाच्या टोकाच्या पुढे जाऊ नये आणि आत कोसळू नये. 'ढगासारखे हात' करताना नुसते हात फिरवणे ही तर सर्रास दिसणारी गोष्ट. तिथे कंबर वळते आणि हात तिच्याबरोबर जातात. मात्र कंबर नितंबांच्या आवाक्यापलीकडे वळवली की दुसऱ्या बाजूचा गुडघा आत पडतो. पाय मागे टाकून करायचे चेन शैलीतले ढगासारखे हात आणि पाय शेजारी आणून करायचे यांग शैलीतले, दोन्ही योग्य; गुडघा आत पडलेले कुठल्याच शैलीतले योग्य नाहीत. 'साप खाली सरपटतो' ही एका पायावर खोल बसण्याची हालचाल साठीनंतर उंच करावी. त्यात कमीपणा काही नाही, उंच चौकट ही मान्य पद्धत आहे.

वू शैलीतल्या कलण्यावरून मात्र शिक्षकांतही गैरसमज आहेत. यांग शिक्षक म्हणतात धड सरळ हवे, आणि वू शैलीवाल्याला कललेला पाहून सुधारायला जातात. वू शैलीत मागच्या टाचेपासून डोक्यापर्यंत एक सलग तिरकी रेष असते. बाजूने पाहा, हवी तर लांब काठी मागच्या टाचेपासून पाठीला लावून पाहा. काठी पाठीला आणि डोक्याला टेकली तर तो शैलीचा कल आहे. मध्ये कमरेत घडी पडली, नितंब मागे गेले आणि मान पुढे आली, तर ती चूक आहे आणि ती कंबर धरायला लावेल.

कुठलाही फरक तपासायला आम्ही एक साधी रीत वापरतो. वादातल्या पवित्र्यात माणसाला उभे करायचे आणि जोडीदाराने त्याच्या पुढच्या हातावर हळूहळू, झटका न देता, जोर वाढवत न्यायचा. भार मागच्या पायात उतरत असेल, खांदा वर चढत नसेल आणि गुडघा जागचा हलत नसेल, तर हात दोन इंच वर असो की खाली, रचना टिकलेली आहे. जोर येताच खांदा उचलला गेला किंवा टाच सुटली, तर फॉर्म पुस्तकाबरहुकूम असूनही काही उपयोग नाही. शिकणाऱ्याने शिक्षकाला नम्रपणे विचारावे, की ही कुठली शैली, तुम्ही कोणाच्या परंपरेतून शिकलात, या हालचालीचा उपयोग काय, आणि आत्ता वजन कुठल्या पायावर आहे. शेवटच्या प्रश्नाला चांगला शिक्षक कधीच अडखळत नाही. 'आमच्याकडे असंच करतात' एवढेच उत्तर मिळाले तर गुडघ्याची काळजी स्वतः घ्यावी.

स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. सूचनापत्रात 'ताईची' एवढे लिहून भागत नाही. 24 चा की 42 चा की पारंपरिक, पारंपरिक असेल तर कुठली शैली, आणि वेळ किती मिनिटे, हे छापावे. प्रमाण फॉर्मच्या गटात ठरलेल्या क्रमापासून ढळल्यास गुण कापणे रास्त आहे. पारंपरिक गटात चेनच्या मुलाला यांगच्या मोजपट्टीने मोजणे अन्याय्य आहे.

आणि आपल्याला एक सूचना. गेल्या मालिकेत आठ छायाचित्रांत अख्खा फॉर्म बसवला होता. त्यात फक्त शेवटचे पवित्रे दिसले, मधले जाणे-येणे गेले. आमच्या मते घरी पाहून करणारे तिथेच चुकतात. त्याऐवजी आठ छायाचित्रे एका उजव्या 'घोड्याच्या आयाळी'ला द्यावीत: डावा धनुष्य-पवित्रा पूर्ण, मागे बसणे, डाव्या पायाचे टोक उचलून 45 अंश बाहेर, वजन डाव्या पायावर, उजवे पाऊल जवळ येताना डावा हात वर आणि उजवा खाली अशी चेंडू धरल्यासारखी पकड, उजवी टाच टेकलेली पण तिच्यावर वजन नाही, वजन पुढे जाताना उजवा हात वर आणि डावा कमरेशी, शेवटी मागची टाच बाहेर सरकवून पवित्रा पूर्ण. प्रत्येक छायाचित्राखाली कुठल्या पायावर किती वजन ते लिहावे, दिशा बाणाने दाखवावी, आणि मथळ्यात 'यांग शैली, 24 चा फॉर्म' असे स्पष्ट छापावे.

आपले,
ताईचीचे काही शिक्षक व अभ्यासक,
दादर, मुंबई